संघप्रियाची झोप

राजुऱ्याच्या एका शाळेत अश्विन सर पाचवीला शिकवत. त्यांची मुलगी संघप्रिया त्यांच्याच वर्गात होती. अंगाने चांगली जाड, आणि पहिल्या तासापासून पेंगायची. घरची पोर म्हणून सरांनी सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून सर तिलाच जास्त रागावत. अनेकदा तिला साऱ्या वर्गासमोर उभं करत. खाते आणि झोपते, हे तर घरात रोजचंच बोलणं झालं होतं. मुलं चिडवतात म्हणून तिने मैदानावर जाणंही सोडलं होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलचेऱ्याला सरांच्या मोठ्या बहिणीच्या, मनकर्णाबाईंच्या नातवाचं नामकरण होतं. दुपारची जेवणं झाली आणि संघप्रिया बैठकीतल्या सतरंजीवरच आडवी होऊन मोठ्या माणसासारखी घोरू लागली. पाहुणे हसले. कोणी म्हणालं, ट्रॅक्टर सुरू झाला. सरही हसले आणि मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घेऊ लागले.

मनकर्णाबाई मात्र हसल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून जन्म काढला होता. घोरणं मधेच थांबलं, तशा त्या पोरीजवळ जाऊन बसल्या. तिची छाती वरखाली होत होती, पण श्वास आत जात नव्हता. मग एकदम दचकून तिने मोठा श्वास ओढला आणि पुन्हा घोरू लागली.

"अश्विन, मोबाइल ठेव," त्या म्हणाल्या. "तुयी पोरगी श्वासासाठी झगडून राह्यली, अन् आपण हासून राह्यलो."

"पण बाई, जाड पोरं घोरतेच ना?"

"म्हणून सोडून द्याचं? रातभर असंच होत असन, त लेकराले झोप कुठी भेटते? मंग ते वर्गात पेंगनच. तिले शिक्षा नाई, डॉक्टर पायजे!"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यांना मान वर करवेना.

चंद्रपूरला झोपेची तपासणी झाली. घशातल्या टॉन्सिलच्या गाठी वाढल्या होत्या, त्यात गळ्याभोवतीची चरबी. झोपेत श्वासाची वाटच बंद होत होती. डॉक्टरांनी गाठींचं ऑपरेशन सुचवलं आणि बजावलं, की खाणं एकट्या पोरीचं नाही, साऱ्या घराचं बदला, तिला खेळू द्या.

परतताना बसमध्ये सरांनी लेकीची माफी मागितली.  ती हळूच म्हणाली, "मले वाटे बाबा, तुमी म्हणता तशी मी आळशीच आहो."

सरांनी तिला जवळ ओढून घेतलं.

ऑपरेशन झालं. वजन अजून फारसं उतरलेलं नाही, पण संघप्रिया आता वर्गात जागी असते, प्रश्न विचारते.

आपल्याही घरात एखादं जाड लेकरू घोरत असेल, दिवसा पेंगत असेल. त्याला हसण्याआधी, रागावण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ बसा आणि त्याचा श्वास ऐका. तो अडखळत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आजाराला आळस म्हणणं हा आपला अडाणीपणा, आणि त्याची लाज लेकराला नाही, आपल्याला वाटायला हवी.