चुन्याच्या रेघेतली खडी

मी खडीचा ढीग आहे. पनवेलहून उरणकडे जाताना सहाव्या मैलाच्या दगडापुढे ओहोळावरची एक मोरी लागते. तिच्या अलीकडे, डाव्या हाताला मी पडून आहे. माझ्यापासून चार हातांवर एक मोठा खड्डा आहे. मला त्याच्यासाठीच आणले. आम्ही दोघे वर्षभर एकमेकांकडे पाहत आहोत.

माझा जन्म डोंगरात झाला. सुरुंगाने काळा दगड फुटला आणि त्याचे तुकडे भामाच्या पुढ्यात येऊन पडले. भामा रोज खाणीवर येई. दगड उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून दगडाभोवती ती काथ्याच्या सुंभाची कडी धरी आणि हातोडी मारी. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले होते. माझा प्रत्येक खडा तिच्या हातून गेला आहे. म्हणून मी तिला आई मानतो, तिला हे माहीत नसले तरी.

पाऊस संपल्यावर मला बैलगाडीतून इथे आणले, तेव्हा आण्यांऐवजी नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. ज्याने मला नीट रचले, तो बळीराम. तो भामाचा नवरा आणि बांधकाम खात्याचा मैलकुली. पाचव्या मैलापासून सातव्या मैलापर्यंतचा रस्ता त्याच्याकडे. गवत काढायचे, गटार मोकळे करायचे, वाहून आलेली माती ओढायची. खड्डा बुजवणेही त्याचेच काम. त्याच्याकडे फावडे होते, घमेले होते, आणि आता मीही होतो. मला वाटले, उद्या सकाळी मी खड्ड्यात असेन.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर कमळाकरराव सायकलवरून आले. बारीक अंगाचा, सारखा रुमालाने मान पुसणारा माणूस. त्यांनी टेप लावून माझी लांबी, रुंदी आणि उंची मोजली, बुकात लिहिली. मग बळीरामने माझ्या अंगावर चुन्याची एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली आणि दुसरी तिला छेदून.

"आता मोठे साहेब येऊन तपासेपर्यंत एक खडा हलता कामा नये," कमळाकरराव म्हणाले. "रेघ तुटली की समज, चोरी झाली."

"कधी येतील साहेब?" बळीरामने विचारले.

"येतील. त्यांच्याकडे तीन तालुके आहेत, बाबा."

तेव्हापासून मी थांबलो.

खड्ड्याने कोणाचे काय अडले होते, ते मला मालूमुळे कळले. मालू ही भामा-बळीरामची मुलगी. ती पनवेलच्या हायस्कुलात आठवीत होती. पूर्वी एसटी मोरीवरून थेट गावाच्या वडाखाली येई. मला आणण्याआधी, पाऊस संपता संपता मोरीजवळचा रस्ता खचून हा खड्डा पडला, एसटीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि त्या दिवसापासून गाडी तीन मैल अलीकडे, फाट्यावरूनच वळू लागली. मालू पहाटे उठून मिठागराच्या बांधावरून फाट्यापर्यंत चालत जाई. परत येताना मोरीच्या कठड्यावर बसून पायातले काटे काढी आणि भूगोल मोठ्याने पाठ करी. मला जगातल्या नद्या तिच्यामुळेच ठाऊक झाल्या. नाईल कुठून निघते, डॅन्यूब किती देशांतून वाहते, हे मी न हलता शिकलो.

एकदा बळीराम तिला माझ्यासमोरच म्हणाला, "उनाळ्यात चालतेस ते ठीक हाय. पन पावसात बांधावर नि रस्त्यावरबी उधाणाचं पानी येतं. मी तुला त्यातून पाठवायचा नाय. जूनच्या आदी गाडी सुरू झाली तर नववीत जा. नायतर घरी."

 मालूने माझ्याकडे पाहिले. ती आशेने पाहत होती की रागाने, मला कळले नाही. मला तर लाज वाटली.

होळीनंतर डांबराची पिंपे आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. पण तेव्हा तालुक्याचा एकुलता एक रोलर दुसऱ्या रस्त्यावर होता. वैशाखात रोलर आला. त्याच्या ड्रायव्हरने चिंचेखाली तीन दगडांची चूल मांडली, चार दिवस भात शिजवून खाल्ला आणि चारही दिवस विचारले, "खडी तपासली का?" ती तपासलेली नव्हती. पाचव्या दिवशी त्याला दुसरीकडचे बोलावणे आले. रोलर धुरळा उडवत गेला. जाताना खड्ड्याला वळसा घालून गेला.

त्याच सुमारास काशिराम गावी आला. तो बळीरामचा शेजारी, बोटीवर खलाशी. सुट्टीत अंगात परदेशी बनियन घालून सगळीकडे हिंडे. संध्याकाळी कठड्यावर बसून तो म्हणाला, "बळीदादा, विलायतेत आमची बोट लागलेली. बंदरासमोर रस्ता फुटला सकाळी. दुपारी बघतो तं बुजवलेला!"

"थापा नको मारू."

"आईशपथ! तिथली मानसं काय आपल्यापेक्षा तगडी नाय. तुझ्यासारखाच एक काटकुळा होता, तमाखूचा पायप ओढीत बसलेला. पन खडी, डांबर, रोलर नि साहेब, सगली एकाच टायमाला आली."

बळीरामने माझ्या रेघेकडे पाहिले. मग विचारले, "आनि चुना कोन टाकतो तिथं?"

"चुना कशाला? साहेबाच्या डोल्यांसमोर खडी खड्ड्यात गेली. मग मोजायचं ते मोजलं."

"म्हंजे साहेब मानसांवर इस्वास ठेवतो?"

"नाय रं. साहेब हजर असतो," काशिराम म्हणाला.

मालू कठड्याशी उभी राहून ऐकत होती. नंतर हे तिने आईला सांगितले असावे. कारण दुसऱ्याच दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना भामा टोपली घेऊन आली.

तिने माझ्या रेघेकडे पाहिले. "माजीच खडी हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "मी फोडली. मी चोरते कशी?"

आणि तिने हात घातला. चुन्याची रेघ तुटली. मी टोपलीतून निघालो, खड्ड्यात पडलो. सात टोपल्या, दहा टोपल्या, सतरा टोपल्या. वर माती टाकून ती पायांनी दाबत राहिली. पदराने घाम पुसताना तिच्या कपाळाला चुना लागला. माझा बराचसा भाग अजून ढिगातच होता, पण खड्ड्यात गेलेला भाग पहिल्यांदाच कामाला आला होता. त्या सुखाचे वर्णन मला करता येत नाही.

दोन दिवसांनी एसटीचा माणूस सायकलवरून मार्ग पाहायला आला. खड्ड्यावर उभा राहून त्याने दोन उड्या मारल्या. "चालेल. सोमवारपासून गाडी सोडतो," तो म्हणाला. मालू धावत घरी गेली. मी तिला धावताना तेवढ्या एकदाच पाहिले.

पण शनिवारी कमळाकरराव आले. मोठे साहेब मंगळवारी तपासणीला येणार, असा कागद त्यांच्या खिशात होता. मला पाहताच त्यांनी सायकल टाकूनच दिली.

"बळीराम! हे काय केलेस?"

बळीराम खाली मान घालून उभा राहिला. भामा मागून आली आणि म्हणाली, "त्यांनी नाय, मी केलं. खडी कुठं विकली नाय साहेब. बगा ना, खड्ड्यातच हाय."

"अहो बाई, खड्ड्यात असून काय उपयोग? बुकात ती ढिगात आहे!" कमळाकररावांनी बुक उघडून दाखवले. "साहेब ढीग मोजणार. कमी भरला तर माझी नोकरी जाईल आणि याची तर उभ्या उभ्या जाईल."

"मंग साहेबांना खड्डा दाखवा."

"खड्ड्यातली खडी कशी मोजायची, सांगा तुम्ही मला."

 ते खुद्द कमळाकररावांनाही सांगता आले नसते. ते वाईट नव्हते. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि अगदी हळू म्हणाले, "बळीराम, काढ बाहेर."

बळीराम खड्ड्यात उतरला. बायकोने भरलेली खडी त्याने स्वतःच्या फावड्याने उपसली. भामा कठड्यावर बसून पाहत होती. मालूने एकेक घमेले वर घेतले आणि माझ्यावर ओतले. मला ओरडून सांगायचे होते की मला राहू द्या, मी आता माझ्या जागेवर आहे. पण दगडाला कुठले तोंड?

सोमवारी एसटी आली. खड्ड्यापाशी थांबली, मागे सरकत सरकत वळली आणि गेली. मंगळवारी साहेब जीपमधून आले. त्यांनी टेप लावली. काही खडे खड्ड्याच्या मातीत रुतून राहिले होते, म्हणून मी दोन बोटे कमी भरलो. साहेबांनी बुकात लाल शाईने लिहिले: ढीग पुरा करून पुन्हा तपासणीस ठेवावा. बळीरामने पुन्हा चुना टाकला. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला आणि चुना वाहून गेला.

आता पाऊस संपला आहे. माझ्या अंगावर गवत उगवले आहे. डांबराच्या एका पिंपावर कोणी गोवऱ्या वाळत घातल्या आहेत. खड्डा मोठा झाला आहे आणि त्यात बेडूक राहतात. माझी कमी पडलेली दोन बोटे भरून काढायला नवी खडी मंजूर झाली आहे. ती फोडायचे काम भामाकडेच आले.

खाणीवर जायला नको म्हणून दगड इथेच आणून टाकले आहेत. रोज सकाळी मायलेकी माझ्याशेजारी बसतात. भामाने मालूला सुंभाची कडी वळून दिली आहे. मालूच्याही अंगठ्याचे नख आता काळे पडू लागले आहे.

या रस्त्याने जाणाऱ्या साहेबांनो, तुमच्यापैकी कोणी थांबलात, तर टेप काढू नका. काशिरामच्या साहेबासारखे थोडा वेळ फक्त इथे उभे राहा. बळीराम फावडे घेऊन जवळच असतो. मी तुमच्या डोळ्यांसमोर खड्ड्यात जाईन, एकही खडा इकडेतिकडे होणार नाही.

हातोडी मारताना मालू अजून नद्या म्हणते. नाईल, डॅन्यूब, ऱ्हाइन. मग थोडी थांबते आणि पुन्हा नाईलपासून सुरू करते. त्या आठवीच्या नद्या आहेत. नववीच्या पुस्तकात पुढे कोणत्या नद्या येतात, ते तिला माहीत नाही आणि मलाही नाही.