साहेबांच्या कोटाचं अस्तर

पॅराशूटच्या घड्या घालायच्या खोलीत एक नियम होता. तो लहानथोर सगळ्यांना लागू आहे, असं निदान दारावर तरी रंगवलेलं होतं. हत्यार हरवलं की काम बंद. भरलेलं एकही पॅराशूट बाहेर जाणार नाही. आणि हरवलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्याने स्टुलावर चढायचं, हात उंच करून ते दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "माझ्याकडे होतं!" दोऱ्या ओढायचा एखादा हुक घडीत राहून गेला, तर आभाळात उडी मारलेल्या पोराला सॉरी म्हणायला वर कोण जाणार?

काकू या खोलीत हंगामी कामगार होत्या. इतकी वर्षं हंगामी, की हंगाम नक्की कशाचा हे कोणालाच आठवत नव्हतं. अंगात गणवेश नसल्यामुळे लष्करी तळावर त्या कोणाला दिसत नसत. कोणाचं काही उसवलं की मात्र मैलभरावरूनही दिसत.

त्या दिवशी सकाळी त्या मोठ्या साहेबांना दिसल्या.

"काकू, जरा बघा हो. खिसा फाटलाय आणि पेन अस्तरात उतरलंय. दुपारी उड्यांचा कार्यक्रम, पाहुणे येणार."

"साहेब, माझी पॅराशूटं पडलीत तिकडे."

"ही पण देशसेवाच की! आणि तुमचा कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावरच आहे बरं का. संध्याकाळी सही करून टाकतो."

कायम! म्हणजे पेन्शन, म्हणजे आजारी पडायची परवानगी, म्हणजे लेकीला "आमची आई सैन्यात असते" हे शाळेत न अडखळता सांगता येणं. काकूंनी ॲप्रनमधला बोटाएवढा हुक काढला, अस्तरातून देशाचं ते मौल्यवान पेन बाहेर ओढलं, भराभर टाके घातले आणि धावत परत आल्या.

दुपारी मुकादम भिंतीवरच्या फळीसमोर थबकले. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात काढलेली होती. एक आकृती रिकामी होती.

"काकू, तुमचा हुक?"

काकूंनी ॲप्रन चाचपला. खिसा रिकामा. काम बंद. टेबलाखाली, डब्यात, चपलांत, सगळीकडे शोधून झालं. बाहेर बँड तीच धून चौथ्यांदा वाजवत होता आणि उड्या मारणारी पोरं दारात खोळंबली होती.

मोठे साहेब तरातरा आत आले. "हे तुम्ही गणवेश नसलेले लोक! शिस्त म्हणून नाही! मुकादम, कोठारातून दुसरा हुक आणा, लावा तिथे. सापडला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. काकू, कागद लक्षात आहे ना?"

एवढं बोलून ते तावातावाने वळले आणि त्यांचा कोट टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला.

खण्.

तो आवाज काकूंनी झोपेतही ओळखला असता. पेन निघालं होतं, हुक आतच शिवला गेला होता!

म्हणजे पॅराशूटं सुरक्षित होती. गप्प बसलं तरी कोणाचा केसही वाकडा होणार नव्हता. संध्याकाळी सही, उद्यापासून पेन्शनवाल्या काकू! मुकादम नवा हुक घेऊन आलेसुद्धा.

दारातल्या पोरांपैकी सगळ्यात बारक्याने मान आत घातली. त्याला सगळे टाचणी म्हणत. "काकू, खरंच सापडला ना?"

"सापडला रे."

"मग स्टुलावर कोण चढलं?"

काकूंनी मुकादमांच्या हातातल्या नव्या हुकाकडे पाहिलं. आज कोठारातला हुक चालला, तर पुढच्या वेळीही चालणार. पुढच्या वेळी हरवलेला हुक कोटातच असेल कशावरून?

त्यांनी स्टूल ओढलं आणि थेट साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"शिवला मी, चूक माझी. पण सापडला तुमच्याकडे. नियमात कोटाला सूट नाही, साहेब." आणि कात्रीने दोन टाके कापून त्यांनी अस्तरातून हुक काढला.

साहेबांनी पोरांकडे पाहिलं. एकानेही पॅराशूटला हात लावला नव्हता. बँडने पाचव्यांदा तीच धून धरली. अखेर साहेब पदकं किणकिणवत स्टुलावर चढले आणि पुटपुटले, "माझ्याकडे होतं."

"मागे ऐकू नाही आलं, साहेब," मुकादम अत्यंत आदराने म्हणाले.

"माझ्याकडे होतं!"

पोरांनी पॅराशूटं उचलली. कार्यक्रम झोकात झाला. भाषणात साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, बँडचे तर दोनदा. घड्या घालणाऱ्यांचं नाव घ्यायला बहुधा वेळ उरला नसावा.

काकूंचा कागद अजून टेबलावरच आहे. काकूंना काढून टाकायचं तर हुक कुठे सापडला ते लिहावं लागेल, आणि सही करायची तर स्टूल आठवतं. त्यामुळे काकू हंगामीच, अगदी कायमच्या.

मागच्या आठवड्यात साहेबांचा शिपाई आला. खिसा परत फाटला होता.

"हत्यारं खोलीबाहेर जात नाहीत म्हणावं," काकू घडी दाबत म्हणाल्या. "पण साहेबांना इकडे यायचं असेल तर खुशाल येऊ देत. स्टूल पुसून ठेवलंय."