आतून लावायचं तेल

अय्यप्पुण्णीचं डोकं सोललेल्या नारळासारखं तुळतुळीत होतं आणि तो केसांचं तेल बनवायचा. यात त्याला काही चमत्कारिक वाटत नसे. कोणी थट्टा केलीच तर तो म्हणे, डॉक्टरला ताप येत नाही काय?

इरिंजालकुड्याच्या अलीकडे आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा तेलाचा घाणा होता. अंगणात खोबरं वाळत पडलेलं असायचं. ते उलटंपालटं करायचं आणि कावळे हाकायचे, हे माझं काम. घाण्यातून निघणारं साधं खोबरेल सगळा गाव नेत असे. पण अय्यप्पुण्णीचा जीव अडकला होता तो त्या कढवलेल्या तेलात. तुळस, जास्वंदीची पानं, कढीपत्ता, छोटे लाल कांदे, जिरे आणि मिरे ठेचून तो खोबरेलात घालायचा आणि दिवसभर मंद आचेवर ढवळत बसायचा. खालचा गाळ वाळूसारखा मोकळा झाला की कढई उतरवायची. मग हिरवट तेल फडक्यातून गाळायचं.

या तेलाने होत नाही असं जगात काही नाही, असं त्याचं ठाम मत होतं. भाजलं तर हे लाव. टाचा फुटल्या, हे लाव. तान्ह्या बाळाला चोळ, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला चोळ, सकाळी उठून तोंडात धरून गुळणी कर, झोप येत नसेल तर टाळूवर थाप. कुलूप गंजलं तरी हेच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने एकदा त्याला सांगितलं, की खोबरेल जरा कमी खा, हृदयाला बरं नाही. अय्यप्पुण्णीने शांतपणे विचारलं, की डॉक्टरसाहेब, तुम्ही ते हृदयाला चोळून पाहिलंत का?

पण मुख्य दावा केसांचाच होता. आणि त्याला पुरावा होता. पुरावा म्हणजे त्याची बायको कार्त्यायनी. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते, काळेभोर आणि जड. गिऱ्हाईक जरा का कू करायला लागलं की अय्यप्पुण्णी आत हाक मारायचा, "कार्तू, जरा बाहेर ये गं." ती हात पुसत यायची, गिऱ्हाइकाकडे पाठ करून क्षणभर उभी राहायची आणि आत जायची. एक शब्द बोलायची नाही. गिऱ्हाईक बाटली घेऊन जायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. कार्त्यायनी ते तेल केसांना लावतच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा एकदा लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात गेली तर पुजाऱ्याने प्रसाद देता देता विचारलं, "काय मुली, आज सकाळीच सांबार?" तेव्हापासून ती आमच्या सगळ्या बायकांसारखी डब्यातलं साधं खोबरेल डोक्याला थापायची. पण नवरा दर महिन्याला स्वतःच्या हाताने बाटली भरून देत असे आणि महिनाअखेरीला ती रिकामी झाली की नाही हे बघत असे. ओतून द्यावं तर तेलाच्या घरात तेल ओतून देणं म्हणजे पापच. मग तिने ते माशाच्या कालवणात घालायला सुरुवात केली. कालवण चुलीवरून उतरवल्यावर आमच्याकडे वरून कच्चं तेल सोडतातच. तिथे ते सोडायचं. कांदा, जिरे, मिरे, कढीपत्ता, सगळं त्यात होतंच. त्या कालवणाची आमच्या गल्लीत इतकी तारीफ होती, की तिच्या घरी मासे आले की कोणी ना कोणी वाटी घेऊन काही तरी निमित्ताने डोकवायचंच.

हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्यांच्याकडून आम्हा पुरुषांनाही कळलं होतं. एकट्या अय्यप्पुण्णीला माहीत नव्हतं, कारण तो मासे खात नसे. लहानपणी घशात काटा अडकला होता. आईने भाताचे गोळे गिळायला लावून तो उतरवला, पण तेव्हापासून माशाचं नाव काढलं की त्याचा हात गळ्याकडे जायचा. त्याच्यासाठी रोज वेगळे मूग.

त्या धनू महिन्यात, ऐन थंडीत, त्रिशूरचे लोनप्पन शेठ आमच्याकडे येणार असं ठरलं. शेठचं औषधांचं मोठं दुकान होतं. त्यांनी तेल घेतलं तर बाटलीवर नाव लागणार होतं. अय्यप्पुण्णीचा बाप आयुष्यभर तेल गाळून मेला, पण ते दुसऱ्यांच्या डब्यांतून दुसऱ्यांच्या नावाने विकलं गेलं. मुलाला एकच हवं होतं. एकदा बाटलीवर आपलं नाव छापलेलं बघायचं. त्याने लेबलाचं चित्रसुद्धा काढून घेतलं होतं. पाठमोरी बाई, गुडघ्यापर्यंत केस, आणि खाली ठळक अक्षरात अय्यप्पुण्णी. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाईचंच नाव अय्यप्पुण्णी.

कार्त्यायनीची झोप उडाली. शेठ औषधवाला माणूस, तो नुसती पाठ बघून थोडाच जाणार होता? माझी बायको देवू मदतीला गेली होती, तिच्याकडे तिने मन मोकळं केलं. म्हणाली, "आजवर मी नुसती पाठ फिरवली गं. तोंडाने खोटं बोलले नाही. उद्या त्यांनी विचारलं तर?" देवूने सांगितलं, की विचारलं तर नुसती होकाराची मान हलव. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

शेठ आले ते दुपारच्या जेवणालाच. आम्हा तिघांची पानं ओसरीवर मांडली होती. मला बोलावलं होतं कारण अय्यप्पुण्णीला एकट्याने शेठशी बोलायची भीती वाटत होती. शेठ वाळके, कमी बोलणारे. डाव्या कानावरचे चार केस त्यांनी मोठ्या काळजीने उजव्या कानापर्यंत नेऊन बसवले होते. बसता बसता त्यांनी अय्यप्पुण्णीच्या डोक्याकडे एकदा पाहिलं. अय्यप्पुण्णीने पंचा डोक्यावर ओढून घेतला.

आत वेगळाच घोळ चालला होता. पाहुण्यासाठी आज साधंच तेल घालायचं, असं कार्त्यायनीने पक्कं केलं होतं. पण धनूतली थंडी. डब्यातलं खोबरेल मेणासारखं थिजून बसलं होतं, चमचा आत जाईना. आणि चुलीच्या कडेला कढवलेल्या तेलाची बाटली ठेवली होती, पातळ आणि चकचकीत. शेठना दाखवताना थिजलेलं दिसू नये म्हणून अय्यप्पुण्णीनेच सकाळी ती तिथे ठेवली होती. सुरमईचं कालवण उतरलं होतं, बाहेरून भात वाढायची हाक आली होती. हात इतक्या वर्षांच्या सवयीने बाटलीकडे गेला.

शेठनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग लाल भाताचा ढीग पुढे ओढला आणि कालवण मागितलं. पुन्हा मागितलं. पापड तसाच राहिला, भाजीकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेवटी थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले, "चेट्टा, माझी आई गेल्यापासून असं कालवण मी खाल्लं नाही. कोणी केलं?"

अय्यप्पुण्णी मुगाचा घास हातात धरून म्हणाला, की बायकोने केलंय, पण शेठ, आधी तिचे केस बघा.

"केस कुठे पळून जात नाहीत. आधी जेवू दे."

दाराआड कार्त्यायनी उभी होती. देवू सांगते, की तिचा चेहरा असा उजळला होता जसा केसांची स्तुती ऐकून कधी उजळला नव्हता. बरोबरच आहे. केस तिला आईकडून मिळाले होते, त्यात तिने काय केलं? कालवण मात्र तिचं स्वतःचं होतं.

हात धुऊन झाल्यावर अय्यप्पुण्णीने चुलीजवळची बाटली आणली. फडक्याने पुसली, दोन्ही हातांनी शेठच्या पुढे धरली. शेठनी डाव्या तळहातावर थेंब घेतला, बोटाने चोळला, नाकाशी नेला. मग कपाळाला आठी घालून उजवा हात नाकाशी नेला. तो जेवलेला हात होता, धुऊनही वास राहिला होता. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. मी खाली जमिनीकडे बघत राहिलो.

"चेट्टा," शेठ म्हणाले, "हे तेल मी आत्ता जेवलो."

अय्यप्पुण्णी हसला. म्हणाला, की शेठ, जेवायचं तेल वेगळं, हे डोक्याचं आहे. मग त्याने सवयीने हाक मारली, "कार्तू, जरा बाहेर ये गं."

ती आली. पण या वेळी पाठ फिरवली नाही, समोर तोंड करून उभी राहिली. शेठनी थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं, "चेची, हे तेल तुम्ही केसांना लावता?"

मान हलवायची होती. आतून देवू खाकरलीसुद्धा. कार्त्यायनीने बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि शेठच्या पानाकडे पाहिलं. पापड आणि भाजी तशीच होती, कालवणाचा मात्र थेंब उरला नव्हता.

"नाही शेठ," ती म्हणाली. "मी ते कालवणात घालते."

अय्यप्पुण्णीचा पंचा डोक्यावरून घसरला, तो त्याने उचलला नाही. शेठना मात्र राग आला नाही. त्यांनी व्यापाऱ्यासारखं सरळ सांगितलं, की केसांच्या तेलाने त्यांचं एक अख्खं कपाट भरलंय, प्रत्येक बाटलीवर एक पाठमोरी बाई आहे आणि सगळ्यांवर धूळ आहे. पण कालवणावर सोडायचं म्हणून हे तेल दिलं तर गाडीत मावेल तेवढं ते आत्ता घेऊन जातील. नाव अय्यप्पुण्णीचंच राहील. फक्त बाईच्या जागी मासा काढायचा.

अय्यप्पुण्णी उठला आणि आत गेला. कार्त्यायनीही मागोमाग गेली. स्वयंपाकघर ओसरीला लागूनच, त्यामुळे आम्हाला न ऐकता येण्यासारखं काही नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"देवळात सांबार म्हणाले तेव्हापासून."

"म्हणजे माझं तेल तू एकदाही..."

"एक थेंब वाया घालवला नाही हो. सगळं खाल्लं."

शेठ घड्याळाकडे बघायला लागले. मला वाटलं, माणूस आतल्या आत मोडला. बापासारखा हाही आता दुसऱ्याच्या डब्यात तेल ओतून मरणार. आणि आपण सगळ्यांनी त्याच्या पाठीमागे वाट्या भरभरून खाल्लं, याची मला थोडी लाज वाटली. थोडीच, कारण पोट भरलेलं होतं.

मग तो बाहेर आला. चेहऱ्यावर असं तेज, जणू देवळातल्या उत्सवात हत्तीवर बसायला त्यालाच बोलावलंय. कार्त्यायनीला त्याने हाताला धरून आणलं होतं.

"शेठ, ध्यानात आलं का तुमच्या?" तो म्हणाला. "मी जन्मभर हे बाहेरून लावलं. हे बघा." त्याने आपलं डोकं वाकवून दाखवलं. मग कार्त्यायनीला खांद्याला धरून पाठमोरी केली. "हिने जन्मभर आतून लावलं. हे बघा. आता आणखी कसला पुरावा पाहिजे?"

शेठनी त्या डोक्याकडे पाहिलं, त्या केसांकडे पाहिलं. "आणि तुम्ही ते कालवण कधीच खाल्लं नाही?" त्यांनी विचारलं.

"माशाला हात लावत नाही. तिथेच तर चुकलं."

त्या कालवणावर आमची अख्खी गल्ली पोसली होती आणि गुडघ्यापर्यंत केस एकाचेही नव्हते. हे मला तिथे सांगता आलं असतं. मी डोक्याचा रुमाल जरा घट्ट बांधला आणि गप्प बसलो. कार्त्यायनीही आपल्या आईबद्दल काही बोलली नाही. शेठनी नकळत हात वर नेऊन कानावरचे ते चार केस चाचपले, आणि म्हणाले, "मी आज तीनदा घेतलं, नाही का?"

बाई लेबलावर राहिली. मासाही आला. खाली लिहिलं, कालवणावर सोडावे, केस वाढतात. सगळ्यात खाली, अय्यप्पुण्णी. शेठ गाडी भरून बाटल्या घेऊन गेले. एक त्यांनी मागे डिकीत न ठेवता पुढे मांडीवर ठेवली.

त्याच संध्याकाळी अय्यप्पुण्णी पानावर बसला आणि कार्त्यायनीने मूग पुढे केले तेव्हा त्याने वाटी बाजूला सारली. म्हणाला, कालवण वाढ. एक हात गळ्यावर धरून आणि डोळे मिटून त्याने पहिला घास गिळला. तिने प्रत्येक तुकड्यातला काटा बोटांनी शोधून काढला होता. तेव्हापासून त्यांच्या घरी रोज मासे येतात. तारल्या स्वस्त असल्या की तारल्याच, आणि त्यांचे बारीक काटे वेचता वेचता तिचा अर्धा दिवस जातो. पण वेगळे मूग शिजवण्यातून ती सुटली आणि मासे तिला जात्याच आवडतात.

जेवण होत आलं की तो दिव्याखाली डोकं वाकवून बसतो.

"बघ गं कार्तू, काही दिसतंय का?"

ज्या बाईने शेठसमोर मान हलवली नाही, ती रोज पदराने ते डोकं पुसते, वाकून निरखून बघते. परवा मी सुकं खोबरं पोचवायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाली, "उजव्या बाजूला जरासं वाटतंय खरं."

"उजव्या?" त्याने बोट फिरवून पाहिलं. मग पानाकडे वळला आणि म्हणाला, "मग आणखी एक तुकडा वाढ. डाव्या बाजूसाठी."