कॉलरची दोन बोटं

विजयनगरातल्या नाडीस्वामींच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्वामी आलेल्याच्या मानेवर अंगठा टेकवून गरजत, "पळतोस कुठं, भुता? थांब!" आणि धडधडणारं काळीज खरंच थंडावे. भुतानं जणू मानेत भाड्यानं खोलीच घेतली होती! लोक जयजयकार करत.

शेजारीण कावेरीनं आणल्यावर तुंगाचीही धडधड इथंच थांबली होती. म्हणून तर आज तिचे यजमान रणोजीराव दोघांच्या शिंपीकामाच्या दुकानात शिवणयंत्रावर छाती धरून कोसळले, घामानं निथळले, तेव्हा तिनं रिक्षा दवाखान्याऐवजी इकडं वळवली.

स्वामींनी अंगठा दाबला. रणोजीरावांचे डोळे फिरले, मान कलंडली.

"समाधी लागली!" गर्दी ओरडली.

पण तुंगाचे डोळे अंगठ्यावर होते. गिऱ्हाइकाच्या कॉलरचं माप घेताना ती टेपाखाली दोन बोटं सरकवायची, तेव्हा जबड्याखाली बोटांना ठोका लागायचा. अंगठा नेमका तिथंच होता.

"साकु, पुरे! अय्यो, भूत कसलं, शीर दाबतोय हा मेला!" तिनं स्वामींचा हात झटकला. लोकांच्या शिव्या खात तिनं नवऱ्याला रिक्षात आडवं घातलं आणि पुतणी वेदवती डॉक्टर होती ते इस्पितळ गाठलं.

बऱ्याच वेळानं वेदवती बाहेर आली. "काकी, हृदयाला दोन प्रकारच्या नसा असतात. एक पळवते, एक आवरते. मानेतली ती जागा दाबली की आवरणारी जोर धरते. तुझी धडधड तशीच थांबली. पण काकांना हार्ट अटॅक आलाय, आणि त्यात आवरणाऱ्या नसेनं आधीच नाडी मंद केली होती. त्यावर स्वामीनं आणखी दाबलं."

"म्हणजे मीच त्यांना मरायला नेलं गं!"

"जिवंत आहेत. पण आज काही सांगता येत नाही."

तुंगा भिंतीला टेकून ढसाढसा रडली. तेवढ्यात कावेरी अंगारा घेऊन धावत आली, मागे चारपाच बायका. "स्वामींच्या हातामुळंच वाचले हो!"

तुंगानं डोळे पुसले. अंगाऱ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

"मानेत भूत नसतं, बायांनो. छातीत कळ आली, घाम फुटला, तर एक क्षण घालवू नका. मी घालवला. तुझ्या घरच्यांची छाती दुखली तर कुठं नेशील, कावेरी? माझ्या तोंडावर सांग!"

कावेरीची मूठ सैल झाली. अंगारा फरशीवर सांडला.

"दवाखान्यात," ती म्हणाली.