बहात्तर किलो

भंगाराच्या त्या दुकानात वजनं नव्हती. काटा होता, चांगला विजेवरचा, माणूस आरामात उभा राहील एवढ्या पाटाचा. पण काटा तपासायला जी शिक्क्याची लोखंडी वजनं लागतात, ती बापाने कधीतरी ओढाताणीच्या दिवसांत भंगारातच काढली होती. हसू नका. भंगारवाल्याच्या घरातली कुठलीही वस्तू भंगारात जाऊ शकते. तर त्या वजनांच्या जागी दादा होता.

दादा म्हणजे थोरला. दुकान त्याचं आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं, घरातही दोघंच. लग्नं दोघांचीही राहिली ती राहिलीच. वीस वर्षं दादाचं वजन बहात्तर किलो होतं, त्यात फरक म्हणून नाही. दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडायच्या आधी, तो खिसे रिकामे करायचा आणि अनवाणी काट्यावर उभा राहायचा. बहात्तर दिसले की काटा बरोबर. नाही दिसले तर धाकटी मागचं बारकं बटण दाबून धरायची आणि काट्याला सांगायची, हे बहात्तर आहेत. यंत्रच ते, सांगाल ते मानतं. दिवसभर त्याच्यावर इंजिनाचे तुकडे आणि पत्र्याचे गठ्ठे आदळायचे, म्हणजे तो कधीमधी चळणारच. बाजारात दादाला सगळे 'पक्का' म्हणायचे. पक्क्याच्या दुकानात माप झालं की कोणी पुन्हा विचारायचं नाही.

मग एका एक तारखेला काट्याने एकाहत्तर दाखवले.

"काल तो गिअरबॉक्स कोणी आपटला?" धाकटी कडाडली. "तूच ना? शंभरदा सांगितलं, हळू ठेव म्हणून!"

"बाई गं, तो काय तान्हं बाळ आहे हळू ठेवायला?" दादा म्हणाला. तिने बटण दाबलं. बहात्तर.

पुढच्या महिन्यात पुन्हा कमी. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. असे आठ महिने. धाकटी दर वेळी काट्याला चार शिव्या हासडायची, मेला म्हातारा झालाय म्हणायची आणि बटण दाबायची. गंमत म्हणून मग ती स्वतः वर उभी राहायची. ती आयुष्यभराची चोपन्न किलोची. ती छप्पन्न झाली, मग अठ्ठावन्न, मग साठच्या पुढे.

"सुटत चाललीस, धाकटे," दादा पोट धरून हसायचा. "असंच चालू दे, एक दिवस मला गाठशील!"

ती चिडायची आणि रात्रीच्या जेवणाला नाक मुरडायची. दोन दिवस टिकायचं ते. ब्लाउज तर नेहमीसारखाच बसत होता. पण काटा सांगत होता, आणि त्या घरात काट्याचा शब्द शेवटचा.

दादाचं जेवण मात्र खरंच कमी झालं होतं. चार घास खाल्ले की पोटात दगड ठेवल्यासारखं व्हायचं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टर होता असं म्हणायचं एवढंच. दर गुरुवारी येणार अशी पाटी होती. गुरुवारी गेलं की कळायचं, आज मीटिंग आहे, आज दुसऱ्या केंद्रावर आहेत, आज सुट्टीच. दादाने पाच हेलपाटे घातले. पाचही वेळा नर्सबाईच भेटल्या. बिचाऱ्या एकट्या, दारापर्यंत रांग. त्या विचारायच्या, "उलटी? ताप? वजन उतरलंय का?"

"छे हो!" दादा छाती ठोकून सांगायचा. "बहात्तर. परवाच उभा राहिलोय. बाजारातला काटा चालतो माझ्यावर."

नर्सबाईंनी त्याला काट्यावर उभं करून बघितलं असतं, पण दवाखान्याचा काटा दोन वर्षांपूर्वीच मोडला होता आणि नवा आला नव्हता. मोडलेला कुठे गेला म्हणता? दादाच्याच दुकानात. त्यानेच घण घालून त्याचे तुकडे केले होते. नर्सबाई कागदावर लिहायच्या, 'वजन ठीक', आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी द्यायच्या. वजन ठीक असलेल्या माणसाला मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी कशाला द्यायची?

फुटलं ते ट्रकवाल्यामुळे. तो महिन्यातून दोनदा माल न्यायला यायचा. एका दुपारी तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"ताई, रागावू नका. तुमचा माल तिकडे दर खेपेला कमी भरतो. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त कमी."

दादा उसळलाच. उठताना त्याला भिंत धरावी लागली, पण आवाज तोच. "तुझ्या मालकाचा काटा खोटा! इथे पक्का बसलाय. माझ्या काट्यावर बोट ठेवायचं काम नाही!"

ट्रकवाल्याने वाद घातला नाही. गाडीतून त्याने वीस किलोचं शिक्क्याचं वजन आणलं आणि काट्यावर ठेवलं. काट्याने तेवीस किलो दोनशे दाखवले.

"बघा," तो हळूच म्हणाला.

"बिघडलाय वाटतं," दादा ओशाळून हसला. "दुरुस्तीला टाकायला हवा."

धाकटी हसली नाही. माप तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. असला हिशेब तिला बोटांवर न मोजता यायचा. विसाचे तेवीस होतात, तर बहात्तर कशाचे झाले? उत्तर आलं. बासष्ट. तिने मान वर करून दादाकडे बघितलं. गळ्याची हाडं. नाड्याने तीन पदरी आवळलेली विजार. रोज समोर बसून जेवणारा माणूस, आणि तिने आठ महिने त्याच्याकडे बघायचं सोडून काट्याकडे बघितलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "चप्पल घाल. आत्ता निघायचं."

निघायचं म्हणजे कुठे निघायचं? सरळ मोठ्या इस्पितळात गेले, तर चिठ्ठीशिवाय आत घेईनात. चिठ्ठी डॉक्टरच्या सहीची हवी, आणि डॉक्टर गुरुवारी. दोन गुरुवार कोरडे गेले. तिसऱ्या गुरुवारी धाकटी दवाखान्याच्या दारात पाय रोवून उभी राहिली आणि सही घेतल्याशिवाय तिने डॉक्टरला गाडीत बसू दिलं नाही. मग चार तास बस. तिकडे सांगितलं, आधी पोटाच्या आतला फोटो काढा. फोटोच्या मशीनची तारीख सात आठवड्यांनंतरची.

"सात आठवडे?" ती खिडकीतल्या माणसाला म्हणाली. "अहो, माणूस रोज उतरतोय!"

"तुमच्या आधीचेही सगळे आजारीच आहेत, बाई," तो म्हणाला. त्याच्यावर तरी किती ओरडणार? त्याचेही डोळे झोपेने सुजलेले होते.

सात आठवड्यांनी फोटो निघाला. तो वाचणारे मोठे डॉक्टर आणखी नऊ दिवसांनी भेटले. तरुण होते, थकलेले होते, पण खुर्ची पुढे ओढून बसले. पोटात गाठ होती आणि ती आता पोटापुरती राहिली नव्हती.

"वजन कधीपासून उतरतंय?" त्यांनी विचारलं.

दादाने तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "वर्ष होत आलं. दर महिन्याला किलो-सव्वा किलो. मला ठाऊक होतं. म्हणजे, मी दर महिन्याला बघत होते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, काहीतरी विचारणार होते, आणि विचारलं नाही. बाहेर रांग होती.

परतीच्या बसमध्ये दादा खिडकीला डोकं टेकून बसला होता. तिला राहवेना. "दादा, मी बटण दाबत गेले रे. काटा खरं बोलत होता. मीच त्याला गप्प करत होते."

त्याने विजार कमरेवर जरा वर ओढली. मग म्हणाला, "विजार गळत होती की माझी. मला कळत नव्हतं होय? पण वाटायचं, धाकटीने काटा लावलाय, तो बहात्तर म्हणतोय, म्हणजे आहेच मी बहात्तर." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. हाताला वजन असं नव्हतंच. "आणि एक गुरुवार जरी डॉक्टर भेटला असता ना, तर त्याला काटा कशाला लागला असता? नुसतं तोंड बघून त्याने हाकललं असतं मोठ्या इस्पितळात. रडू नको. लोक बघतायत."

तोंड तर मीही रोज बघत होते, हे तिच्या ओठांवर आलं. पण तो दमला होता, आणि तीही.

त्यानंतर तीन आठवडे. एका सकाळी चहा थंड झाला तरी दादाने कप उचलला नाही, एवढंच.

दुकान महिनाभर बंद राहिलं. एक तारखेला तिने दार उघडलं. ट्रकवाला आला होता. माल नव्हता, तरी आला. त्याने ते वीस किलोचं वजन आणून काट्याजवळ ठेवलं. "असू द्या तुमच्याकडे, ताई. मालकाला सांगितलंय मी," म्हणाला आणि चहालाही न थांबता गेला.

धाकटीने वजन काट्यावर चढवलं. बटण दाबून धरलं आणि काट्याला सांगितलं, हे वीस आहेत. वजन उतरवलं, पुन्हा ठेवलं. वीस. पुन्हा वीस. काटा आता बरोबर होता. कोणी तसं म्हणायला मात्र शेजारी नव्हतं.

मग नेहमीच्या सवयीने, काही मनात न आणता, ती चपला काढून वर उभी राहिली.

चोपन्न.

तिने खाली उतरून पुन्हा पाय ठेवले. चोपन्न. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि तिला तो हसणारा दादा आठवला, पोट धरून, सुटत चाललीस धाकटे, एक दिवस मला गाठशील.

"अरे, माझं काहीच वाढलं नव्हतं रे," ती रिकाम्या दुकानाला म्हणाली. "एक किलोसुद्धा वाढलं नव्हतं, दादा."

बाहेर कुणीतरी पत्र्याचा गठ्ठा टेकवला आणि विचारलं, काटा चालू आहे का? ती त्या काट्यावरच खाली बसली होती. तिला उठायला थोडा वेळ लागला.