लेडी टॉमझिनची शिक्षा

परागंदा राजा गादीवर परत आला त्याच वर्षी सर जोसलिन रेबर्नही परत आले. ऐन उमेदीची वर्षं राजामागे हॉलंड-फ्रान्सात वणवण करण्यात गेली होती. आता ॲश्कोटची जहागीर पुन्हा हाती आली, श्रॉपशरमधून ते पार्लमेंटात निवडून गेले, आणि जिल्ह्याच्या न्यायासनावरही बसले. माणूस सरळ, पण एकमार्गी. जुन्या राजाचं मुंडकं उडवणाऱ्या, सरकारी चर्च न मानणाऱ्या प्युरिटन पंथाच्या मंडळींना पुन्हा डोकं वर काढू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं राजकारण. सरकारी चर्चबाहेर, घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त माणसं प्रार्थनेला जमली तर गुन्हा, असा कायदा आला तेव्हा त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज त्यांनीच उठवला होता.

अडचण एकच होती. तिचं नाव इझिकिएल पेल.

पेल ॲश्कोटचे जुने पाद्री. नवं प्रार्थनापुस्तक हाती धरणार नाही म्हणाले, म्हणून चर्चमधून निघाले आणि चक्कीवाल्याच्या कोठारात प्रवचन सांगू लागले. युद्धाच्या धामधुमीत प्युरिटन शिपाई रेबर्नांचं घर जाळायला आले, तेव्हा याच प्युरिटन पाद्र्यानं सर जोसलिनच्या बायकोला, लेडी टॉमझिनला, आणि तिच्या तान्ह्या मुलीला चर्चच्या घंटाघरात लपवलं होतं, आणि दारात उभं राहून आपल्याच शिपायांशी भांडण केलं होतं. सर जोसलिन हे विसरले नव्हते. कोठाराकडे ते कानाडोळा करत.

पण शेजारचे सर जाइल्स पॉम्फ्रेट, जिल्ह्याचे दुसरे न्यायाधीश, यांना असला कानाडोळा जमत नसे. एका रविवारी दुपारी त्यांनी शिपाई पाठवून कोठाराला वेढा घातला, आणि पकडलेली माणसं न्यायनिवाड्यासाठी थेट रेबर्नांच्या दिवाणखान्यात आणली. हवालदार हॅडक टोपी चुरगाळत पुढे आला.

"सरकार, जरा घोटाळा झालाय."

"कसला?"

हॅडकनं नुसतं मागे बघितलं. चक्कीवाला, मोच्याची विधवा, दोन विणकर, मध्ये पेल, आणि त्यांच्याशेजारी, गवताच्या काड्या लागलेल्या झग्यात, लेडी टॉमझिन.

सर जोसलिन उठले, पुन्हा बसले. "तू? तू तिथं काय करत होतीस?"

"प्रवचन ऐकत होते. चर्चमधला तुमचा नवा पाद्री झोप आणतो."

विणकरांपैकी एक जण फिसकन हसला. सर जाइल्स सर जोसलिनच्या कानाशी लागले. "जोसलिन, वहिनींचं नाव घ्यायचंच नाही. त्या वाटेनं जाताना चुकून अडकल्या. मिटलं!"

"चुकून नाही अडकले," टॉमझिन म्हणाली. तिचे कान तिखट होते. "मला सोडणार असाल तर या सगळ्यांना सोडा. आणि यांना अडकवणार असाल तर माझं नाव पहिलं घ्या."

"सगळ्यांना कसं सोडू? कायदा आहे."

"मग वाचा की तो मोठ्यानं! केलाय तुम्हीच."

पेल हलक्या आवाजात म्हणाले, "सर जोसलिन, बाईंचं मनावर घेऊ नका. दोष माझा आहे."

त्या क्षणी सगळ्यांना सोडून दिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं, हे सर जोसलिनना नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्या वेळी त्यांना एवढंच दिसत होतं की चक्कीवाला टक लावून बघतोय, साहेब बायकोला वाचवून विधवेला आत टाकतो का ते. त्यांनी कायदा वाचला. दंड किंवा तुरुंग. दंड भरायला कुणी कबूल झालं नाही, आणि टॉमझिननं नवऱ्यालाही भरू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांबरोबर त्याच छकड्यात बसून श्रूजबरीच्या तुरुंगात गेली.

सर जोसलिन तिला भेटायला गेले, ते गरम पांघरूण आणि हरणाचं भाजलेलं मांस घेऊन. तिनं पांघरूण तिथल्या तिथं पेलांच्या अंगावर टाकलं.

"त्यांना ताप आहे," ती म्हणाली. "हाडं नुसती खडखडतायत. काही करता येतंय का बघा."

ते धावले, राजाच्या जिल्ह्यातल्या प्रतिनिधीच्या माणसाला भेटले, मिनतवाऱ्या केल्या. सुटकेचा हुकूम हाती येईपर्यंत पेल गेले होते.

शिक्षा भोगून टॉमझिन घरी आली. सर जोसलिननी माफी मागितली नाही. कशी मागतात ते त्यांना येत नव्हतं. तिनंही विषय काढला नाही. जेवताना दोघं घोड्यांबद्दल आणि लेकीच्या लग्नाबद्दल बोलत. पेलांचं नाव निघालं की मात्र ती ताटावरून उठून जाई.

पुढे काही वर्षांनी तोच कायदा आणखी कडक करायचं विधेयक पार्लमेंटात आलं. सर जोसलिनना भाषण कधी जमलं नव्हतं. तरी त्या दिवशी ते उभे राहिले.

"या कायद्याखाली मी माझ्या बायकोला तुरुंगात घातलं," ते म्हणाले. "ती होती त्याहून हट्टी होऊन बाहेर आली. आणि ज्यानं माझं लेकरू वाचवलं, तो माणूस आत मेला. यात राजाचं राज्य कुठं बळकट झालं, ते मला कुणी समजावून सांगावं."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ज्याला बायको आवरत नाही, तो राज्य काय आवरणार!" सभागृह खदखदून हसलं. विधेयक मंजूर झालं. न्यायाधीशांच्या पुढच्या नेमणुकांत सर जोसलिनचं नाव नव्हतं, आणि त्यांच्या जागी सर जाइल्सचा जावई बसला.

ॲश्कोटला परतल्यावर त्यांनी हे सगळं टॉमझिनला सांगितलं, हसण्यासकट. तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं.

"हसले? मोठ्यानं?"

"छप्पर उडेल इतक्या."

"आणि तुम्ही खाली बसलात?"

"नाही. बोलणं पुरं करूनच बसलो."

तिनं त्यांच्या पेल्यात बियर ओतली आणि खुर्ची शेकोटीकडे ओढली. "पेल कसे गेले, ते तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत," ती म्हणाली. "बसा. सांगते."