नदीवरचे अकरा डाग

बदलापूरच्या आमच्या घरात देवघर आणि यांचं कामाचं टेबल एकाच खोलीत आहे. पूर्वी हे तिथे गणपतीचे देखावे करायचे. आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रणगाडे, ट्रक, बोटभर सैनिक असले बारीक देखावे करू लागले. एका भिंतीला माझे देव, समोरच्या भिंतीला यांची फौज. मी पहाटे तुळशीला पाणी घालते, पोथीचा एक अध्याय वाचते, दिवा लावल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. यांच्या टेबलाला मी कधी हात लावत नव्हते. एकदाच लावला, तोही न लावता.

मार्गशीर्षात यांनी नदी करायला घेतली, महेंद्रभाऊंसाठी. महेंद्रभाऊ कारखान्यात यांच्या हाताखाली अठरा वर्षं होते, रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या राळेच्या खात्यात. त्यांचा थोरला भाऊ सोमा फौजेत होता. आसामात एक नदी ओलांडताना रबरी होडीचा दोर अडकला, तो सोडवायला सोमाने पाण्यात उडी मारली. होडी सुटली, सोमा सापडला नाही. त्याला तीस वर्षं झाली. घरी एक ट्रंक आली आणि एक पत्र.

त्यांची आई जनाबाई उल्हासनगरला कॅम्प पाच या वस्तीत राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचं एकच मागणं होतं, "मला ते पाणी दाव. माझं पोर कुठं गेलं ते एकदा बघू दे." म्हणून महेंद्रभाऊंनी सोमाच्या एका साथीदाराला फोन कर-करून नदीचं वळण, काठावरचे बांबू, होडीचा रंग सगळं उतरवून घेतलं. सोमाच्या स्मृतिदिनी देखावा त्यांच्या विहाराच्या अभ्यासिकेत ठेवायचा होता.

दर शनिवारी दुपारी ते यायचे. निळा फोम कापून काठ झाले, उल्हास नदीतली बारीक वाळू चाळून तळ झाला. मग पाणी. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मापून एकत्र करायचं, त्यात मातकट हिरव्या रंगाचा एक थेंब. बुडबुडे येऊ नयेत म्हणून महेंद्रभाऊ घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटं इतकं हळू ढवळायचे की मला जपाची आठवण व्हायची. अर्ध्या बोटाचा एक थर ओतायचा, तो आठवडाभर तसाच सोडायचा, मग पुढचा. तिसऱ्या थरात सोमा कमरेपर्यंत बुडाला. दोन इंचांचा तो माणूस, दोर धरलेला.

"खोल वाटतंय का हो वहिनी?" महेंद्रभाऊंनी विचारलं.

"खरंच वाटतंय," मी म्हणाले. वाटत होतंच.

आता जे सांगायचं ते सांगते. महेंद्रभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा पुढे करताना अगदी मऊ आवाजात विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" त्यांनी सांगितलं. पुढच्या शनिवारपासून मी चहा कागदी कपात द्यायला लागले. हे म्हणाले, "अगं, कप संपले का घरातले?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात, भांडी कमी पडावीत म्हणून." आणि ते गेले की तांब्याच्या पंचपात्रात गोमूत्राचे चार थेंब घातलेलं पाणी घेऊन, मी तुळशीच्या डहाळीने खोलीत शिंपडायचे. सासूबाईंची सवय, ती मला लागली, असं मी स्वतःला सांगायचे. पण समोरच्या दारातली कीर्ती रोज त्याच खोलीत येऊन बसते. ती गेल्यावर मी कधी शिंपडलं नाही.

शेवटचा थर ओतला तो शनिवार. ओतून झाल्यावर देखाव्यावर खोका पालथा घालून ठेवायचा, धूळ बसू नये म्हणून. त्या दिवशी वरचे बुडबुडे जरा वेळ फुटू देत म्हणून खोका बाजूलाच होता. हे महेंद्रभाऊंना रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला गेले. दिवेलागणीला दहा मिनिटं होती. महेंद्रभाऊ त्या दिवशी तीन तास देवांकडे पाठ करून बसले होते, म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त शिंपडलं. हात जरा लांबवरून फिरवला. मग दिवा लावला. हे आले, त्यांनी न बघताच वरून खोका ठेवला.

रविवारी सकाळी यांनी खोका उचलला आणि "अरे देवा" म्हणाले. नदीवर पांढरे डाग पडले होते. दुधाळ, गोल, प्रत्येकाच्या मधोमध खळगा. होडीपासून सोमाच्या डोक्यावरून पलीकडच्या काठापर्यंत, एका बाकदार ओळीत. मी मोजले. अकरा होते.

माझ्या हाताचा बाक होता तो. मला बघताक्षणी कळलं.

यांनी तिथल्या तिथे फोन लावला, आणि आवाज थेट कारखान्यातला. "महेंद्र, हार्डनर नीट मोजलं होतंस का? सगळं डागाळलंय! अठरा वर्षं तेच काम केलंस ना रे? काय लहान पोरासारखं!" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, कारण हे फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. "माझ्याकडूनच चुकलं असणार साहेब. काल लक्ष नव्हतं." मग म्हणाले, "आईला आज चार वाजता आणतोय. ती ऐकत नाही. म्हणते, लोकांआधी मी बघणार."

मी पोथी उघडून बसले. त्या दिवशीचा अध्याय दोनदा वाचला, एक ओळ आत गेली नाही. यांना सांगायला तीनदा उठले. तिन्ही वेळा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन परत आले. दमटपणाने पडले असतील डाग, असं कुणीतरी म्हणेल आणि विषय मिटेल, अशी आशा धरून बसले. व्रत करणारी बाई मी. खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती. त्या दिवशी मी काही बोललेच नाही, म्हणजे ख्याती शाबूत.

चारला जनाबाई आल्या. पांढरं लुगडं, हातात काठी. जिना चढून दम लागलेला, तरी बसल्या नाहीत, सरळ टेबलापाशी गेल्या. "यातला सोमा कंचा?"

महेंद्रभाऊंनी बोट दाखवलं. म्हातारी वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मग डागांवर बोट फिरवलं. "हे काय? पाऊस पडत व्हता का त्या दिवशी?"

"पाऊस नाही हो आजी," हे म्हणाले. "याचं माप जरा चुकलं."

महेंद्रभाऊ मोबाईलचा उजेड तिरका धरून डाग बघत होते. एका खळग्यावरून नख फिरवलं. छताकडे बघितलं, ते कोरडं होतं. मग त्यांची नजर डागांच्या ओळीवरून सरकत देवघरापाशी गेली, पंचपात्रावर, त्यातल्या डहाळीवर. तिथून माझ्यावर आली नाही. खाली गेली.

"हो आई," ते म्हणाले. "माझंच माप चुकलं."

"तुझ्या हातून?" जनाबाई वळल्या. "जल्म गेला तुझा त्यात. आन् भावाच्याच कामाला हात चळला? एवढं एक नीट करता येईना तुला?"

पन्नाशीचा तो माणूस आईपुढे खाली मान घालून उभा राहिला. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "त्यांनी काही केलं नाही. मी पाणी शिंपडलं."

"तू?" हे म्हणाले. "पाणी कशाला शिंपडलंस?"

यांना खरंच कळलं नव्हतं. जनाबाईंना कळलं. त्या पंचपात्राकडे न बघताच म्हणाल्या, "हा गेल्यावर शिंपडलंस व्हय?"

"हो."

"दर येळी?"

"हो."

महेंद्रभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना आई." तेव्हा मला उमगलं की चूक स्वतःवर घेऊन ते मला वाचवत नव्हते. आईच्या कानावर हे पडू नये म्हणून धडपडत होते. आणि मी माझं मन हलकं करायला ते नेमकं तिच्याच कानात घातलं होतं. मी जनाबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी काठी मध्ये धरली.

"पाया नको पडू," जनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हे काढ. माझ्या पोराच्या पाण्यात हे नको."

त्यांनी चहा घेतला नाही. कपबशा मी कपाटातून काढून ठेवल्या होत्या, चांगल्यातल्या. त्या तशाच परत कपाटात गेल्या.

डाग मी काढले. यांनी पॉलिश पेपर आणून दिला, पाण्यात बुडवून कसा घासायचा ते एका वाक्यात सांगितलं. सकाळी पोथी झाली की मी टेबलाशी बसायचे. जोर लावला तर चरे पडतात, म्हणून गोल गोल, हलक्या हाताने. एकादशीलाही घासलं. सोमाच्या डोक्याशेजारचा डाग सगळ्यात खोल होता. त्याच्या टोपीला पेपर लागू नये म्हणून काडीला कपटा गुंडाळून घासत बसले, आणि इतक्या जवळून प्रथमच त्याचं तोंड पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढे डोळे महेंद्रभाऊंनी काढले होते. उघडे.

शनिवारी महेंद्रभाऊ आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. त्यांनी पाच मिनिटं ढवळलं, पातळ थर ओतला, घासलेला धुरकट भाग बघता बघता पारदर्शक झाला. नदी पुन्हा खोल दिसायला लागली. मी कपबशीतून चहा दिला. त्यांनी घेतला, प्यायला, बशी नीट ठेवली.

निघताना दाराशी गेले, थबकले, परत आत आले. खोका उचलला. यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, आज झाकूनच जातो. चालेल ना?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मान हलवली. त्यांनी खोका अलगद पालथा घातला आणि खिशातून चिकटपट्टी काढून चारही बाजूंनी लावली.